दोनशे पन्नास म्हणजे हॉर्सपॉवर नव्हे

बरीच वर्षं माझी पक्की समजूत होती की फेरारी २५० मधले २५० म्हणजे हॉर्सपॉवर. आणि नुसती समजूत नाही, चार लोकांना छातीठोकपणे सांगितलंय मी हे. वर गंमत अशी की रस्त्यावरच्या २५० मॉडेल्सची ताकद साधारण २४० हॉर्सपॉवरच्या आसपासच असायची, त्यामुळे कुणी शंका पण घेतली नाही. मग एकदा कुठेतरी वाचलं की हा आकडा एका सिलिंडरचा आहे. म्हणजे एका सिलिंडरमध्ये साधारण २५० सीसी, नेमकं बोलायचं तर २४६, आणि असे बारा. २९५३ सीसी. झालं तीन लिटरचं इंजिन. त्या काळात फेरारीची नावं ठेवायची पद्धतच ही होती, पहिली गाडी १२५, कारण एका सिलिंडरला १२५ सीसी. गणिताच्या मास्तरांनी बारसं केल्यासारखं.

तर हे सगळं २५० चं खानदान, साधारण १९५२ ते १९६४, माझं जुनं वेड आहे. आज त्यावर लिहायचंय, पण सरळ सांगतो, सगळ्यांना सारखी जागा देणार नाहीये. हे घर आहे, आणि घरात कसं असतं, एकाचं कौतुक सगळं गाव करतं आणि दुसरा गपचूप कमवत बसतो. मला त्या दुसऱ्याबद्दल बोलायचंय.

पण आधी इंजिन, कारण त्याशिवाय यातल्या कुणाची ओळखच होत नाही.

जोआक्किनो कोलोम्बो नावाच्या माणसाने दुसरं महायुद्ध संपल्या संपल्या हे इंजिन काढलं तेव्हा ते फक्त दीड लिटरचं होतं. बारा सिलिंडर आणि दीड लिटर! पिस्टन म्हणजे ५५ मिलिमीटरचे, अगदीच चिमुकले. पण पठ्ठ्याने दोन शेजारच्या सिलिंडरच्या मध्यांमधलं अंतर ठेवलं ९० मिलिमीटर. म्हणजे पुढे वाढायला भरपूर जागा सोडली, आणि मग त्याच रचनेत पिस्टन मोठे मोठे करत २५० मध्ये ते ७३ मिलिमीटरवर गेले. घर बांधताना पाया तीन मजल्यांचा घालायचा आणि आधी फक्त तळमजला बांधायचा, तसलं काम. कोलोम्बो नंतर फेरारीतून गेला, पण त्याच्या इंजिनवर पुढे अख्खा कारखाना जगला.

आता ७३ चा पिस्टन पण तो वर-खाली फिरतो फक्त ५८.८ मिलिमीटर. रुंद आणि आखूड. पिस्टनला कमी अंतर पळायचं असल्यामुळे इंजिन जास्त वेगाने फिरवता येतं, ७००० आरपीएमपर्यंत बिनधास्त. आणि बारा सिलिंडर म्हणजे क्रँकशाफ्टच्या एका फेरीत सहा स्फोट, दर ६० अंशाला एक. ७००० आरपीएमला हिशोब करा, सेकंदाला बरोब्बर ७०० स्फोट. चार सिलिंडरच्या गाडीत तेवढ्याच आरपीएमला २३३ होतात. म्हणून तो आवाज आपल्याला ठोक्यांसारखा ऐकूच येत नाही, सूर लागल्यासारखा ऐकू येतो, आणि म्हणूनच हेडफोन लावून फक्त इंजिनचे आवाज ऐकणारी माझ्यासारखी माणसं तयार होतात ज्यांना घरचे लोक काळजीने बघतात.

शिवाय व्ही-१२ म्हणजे एकाच क्रँकवर बसवलेली दोन सहा-सिलिंडरची इंजिनं. सरळ रेषेतल्या सहा सिलिंडरचे धक्के मुळातच एकमेकांना खाऊन टाकतात. त्यामुळे थरथर जवळजवळ नाही. रेसला पण चालतं आणि बायकोला शेजारी बसवून शंभर किलोमीटर जेवायला जायला पण चालतं. या दोन्ही गोष्टी एकाच इंजिनने केल्या हाच २५० चा सगळा किस्सा आहे.

रेसवाली भावंडं भराभर सांगतो. १९५२ च्या मिले मिलियात, म्हणजे हजार मैलांच्या त्या खुल्या रस्त्यावरच्या वेड्या शर्यतीत, जोव्हान्नी ब्राक्कोने २५० एस पळवली आणि मर्सिडीजच्या ३०० एसएलना मागे टाकून जिंकला. वाटेत तो एकामागोमाग एक सिगरेटी ओढत होता आणि ब्रँडीचे घोट घेत होता अशी कथा सगळे सांगतात. मग १९५६ ला आल्फोन्सो दे पोर्तागोने २५० जीटी घेऊन टूर दे फ्रान्स जिंकली, सायकलवाली नाही, गाड्यांची, आणि त्या गाडीला ते नावच चिकटलं. मग १९५९ च्या पॅरिस शोमध्ये पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर २६०० वरून २४०० मिलिमीटर केलेली आखूड बर्लिनेत्ता, म्हणजे बंद छताची दोन सीटवाली, आली, जिला सगळे एसडब्ल्यूबी म्हणतात. माझ्या मते दिसायला हीच सगळ्यात देखणी. जीटीओपेक्षा पण. भांडायचं असेल त्यांनी खुशाल भांडा. टेस्टा रोसाने ले मान्स, म्हणजे फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत, तीनदा मारलं, १९५८, ६० आणि ६१, नावाचा अर्थ लाल डोकं, कारण इंजिनच्या वरची झाकणं लाल रंगवलेली. आणि ती एलएम, इंजिन मागे असलेली, जिच्यात बहुतेक करून ३.३ लिटरचं इंजिन होतं तरी नाव २५० च ठेवलं, तिने १९६५ चं ले मान्स जिंकलं. त्यानंतर फेरारीला तिथे पहिला नंबर परत मिळायला २०२३ उजाडलं. अठ्ठावन्न वर्षं!

आणि जीटीओ. हिच्याबद्दल न लिहून चालणार नाही, कारण या गोष्टीतला लाडावलेला मुलगा हाच.

जीटीओमधलं जीटी म्हणजे ग्रान तुरिस्मो, लांब पल्ल्याची वेगवान गाडी, आणि ओ म्हणजे ओमोलोगातो, म्हणजे स्पर्धेसाठी अधिकृत मान्यता मिळालेली. मान्यतेसाठी शंभर गाड्या बनवायचा नियम होता. फेरारीने बनवल्या तीन लिटरच्या छत्तीस. युक्तिवाद असा की ही नवी गाडी नाहीच मुळी, ही आपली जुनीच एसडब्ल्यूबी आहे, थोडी सुधारलेली. थोडी! ड्राय संप म्हणजे तेलाची वेगळी टाकी, सहा वेबर कार्ब्युरेटर, पाच गिअर, ३०० हॉर्सपॉवर आणि संपूर्ण वेगळी बॉडी. तरी चाललं. १९६२, ६३, ६४ तिन्ही वर्षं जीटी गटाचं जागतिक विजेतेपद घरात.

ती बनत असताना मात्र घरात रामायण झालं. गाडीवर जोत्तो बिझ्झारिनी काम करत होता, पहिला नमुना इतका ओबडधोबड होता की त्याला राक्षस म्हणायचे. आणि १९६१ च्या नोव्हेंबरमध्ये बिझ्झारिनी, मुख्य इंजिनिअर कार्लो कीती (Chiti) आणि आणखी बडी मंडळी एकदम बाहेर पडली. कारण म्हणून कंपनीचा संस्थापक एन्झो फेरारी याच्या बायकोची कारखान्यातली लुडबूड सांगितली जाते. घरोघरी मातीच्या चुली, फेरारीचा कारखाना असलेल्या मारानेल्लोतही. मग उरलेलं काम आलं माउरो फोर्गिएरीच्या अंगावर, तेव्हा वय वर्षं सव्वीस. सव्वीसाव्या वर्षी मी काय करत होतो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बॉडी मोडेनाच्या सर्जो स्कालिएत्तीच्या वर्कशॉपमध्ये व्हायच्या, अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून ठोकून, त्यामुळे दोन जीटीओ शेजारी उभ्या केल्या तर तंतोतंत सारख्या नसतात. आत स्पीडोमीटरच नाही. रेसच्या गाडीला वेग कशाला कळायला हवा, आरपीएम कळले की झालं. याउलट तिची बहीण लुस्सो, म्हणजे आरामवाली, तिच्यात स्पीडोमीटर आहे तो भला मोठा आणि डॅशबोर्डच्या मधोमध, जेणेकरून शेजारी बसलेल्या माणसाला पण नीट घाम फुटावा.

२०१८ मध्ये एक जीटीओ लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. २०२३ मध्ये दुसरी एक ५ कोटी १७ लाखाला. २०१९ मध्ये बोलोन्याच्या कोर्टाने तर सांगितलं की जीटीओचा आकार ही कलाकृती आहे, कुणी नक्कल करायची नाही.

नक्कल. हा शब्द लक्षात ठेवा.

आता माझी लाडकी. २५० जीटीई. पूर्ण नाव टू प्लस टू, म्हणजे पुढे दोन सीट आणि मागे दोन छोट्या. १९६० ते ६३ मध्ये साडेनऊशेच्या आसपास बनल्या. साडेनऊशे हा आकडा आज किरकोळ वाटेल पण जीटीओच्या छत्तीसशेजारी ठेवून बघा, म्हणजे कळेल गल्ल्यावर कोण बसलं होतं. रेसिंगला पैसा लागतो, तो कुठून तरी यावा लागतो, आणि फेरारीकडे तेव्हा तो येत होता अशा लोकांकडून ज्यांना बारा सिलिंडर पण हवे होते आणि पोरांना मागे बसवायचं पण होतं.

मागच्या सीटसाठी जागा कशी काढली ते मला फार आवडतं. गाडी लांब केली नाही. चाकांमधलं अंतर तेच २६००. इंजिनच २० सेंटिमीटर पुढे सरकवलं! सरक रे बाबा, लहान मुलांना बसू दे. बाकी सगळं खानदानीच, तेच तीन लिटर, तीन वेबर, चारही चाकांना डिस्क ब्रेक, आणि चार गिअरवर एक ओव्हरड्राइव्ह, की हायवेला इंजिन निवांत फिरत राहावं. पिनिनफारिना या डिझाइन कंपनीने बाहेरून इतका साधा सूट शिवलाय की पटकन नजरेत भरत नाही. हेच नडलं तिला.

तिचं पहिलं दर्शन पण बघा कसं. १९६० च्या जूनमध्ये ले मान्सला, ऑक्टोबरच्या पॅरिस शोच्या आधीच, तिचा एक नमुना दिसला तो अधिकाऱ्यांना ट्रॅकवरून फिरवणारी गाडी म्हणून. त्याच शर्यतीत टेस्टा रोसा पहिली आली. एक भाऊ हार घालून घेतोय आणि दुसरा पाहुण्यांना स्टेशनवरून आणतोय.

हो, तिची एक शौर्यकथा मात्र आहे. साठच्या दशकात रोमच्या पोलिसांनी चक्क जीटीई घेतली होती. काळी, बाजूला स्क्वाद्रा मोबिले, म्हणजे फिरतं पथक, लिहिलेली. चालवायचा आर्मांदो स्पाताफोरा नावाचा पोलीस. त्या काळी चोर लोक पण वेगवान गाड्या बाळगून होते, तर साहेबांनी विचारलं म्हणे, तुम्हाला काय हवं, आणि हा म्हणाला, फेरारी. याहून चांगलं काय असणार? आणि मिळाली! एका पाठलागात त्याने ती स्पॅनिश स्टेप्सच्या पायऱ्यांवरून खाली घातली अशी दंतकथा आहे. खरी असो नसो, मी ती खरी मानतो, मला नातवंडांना सांगायला काहीतरी हवंय.

आणि आता ते वाईट प्रकरण.

जुन्या फेरारींच्या किमती वाढायला लागल्या तशा त्या जीटीओच्या, टेस्टा रोसाच्या, उघड्या टपाच्या २५० कॅलिफोर्निया स्पायडरच्या वाढल्या. चार सीटवालीला कोण विचारतंय. ती बरीच वर्षं स्वस्तात मिळायची. आणि मग लोकांच्या डोक्यात आलं की अरे, इंजिन तर तेच कोलोम्बोचं आहे, चेसीस, म्हणजे खालचा सांगाडा, पण ट्यूबचीच आहे, मग काय, कापा. चेसीस मधून कापून २६०० ची २४०० करायची, अंगावरची बॉडी काढून भंगारात, आणि वरून जीटीओसारखी दिसणारी नवी बॉडी. झाली नक्कल तयार. कितीतरी जीटीई अशा गेल्या. म्हणजे ज्या गाडीच्या कमाईवर जीटीओ बनली तिलाच कापून पुन्हा खोट्या जीटीओ बनवल्या. मोठ्या भावाने शेत विकून धाकट्याला शिकवावं आणि धाकट्याने मोठं झाल्यावर घराची दारं-खिडक्या पण काढून न्याव्यात. मला हे जेव्हा कळलं तेव्हा दोन दिवस वाईट वाटत होतं, हसू नका.

बरं, कॅलिफोर्नियाचं नशीब बघा दुसरीकडे. एक गाडी, जी एकेकाळी नट आलँ देलाँकडे होती, ती २०१४ मध्ये फ्रान्सच्या पश्चिमेला एका शेतावरच्या शेडमध्ये सापडली, धुळीत, वर जुन्या मासिकांचे गठ्ठे रचलेले. रद्दी ठेवायला टेबल म्हणून वापरात होती बहुतेक. २०१५ मध्ये पॅरिसला लिलावात १ कोटी ६३ लाख युरो. धुळीसकट विकली, पुसली पण नाही. नुसतं पडून राहिलं तरी काहींचं सोनं होतं.

तर हे सगळं डोक्यात असताना मी मोडेनाला गेलो होतो. मारानेल्लो तिथून जेमतेम वीस किलोमीटर. म्युझियम वगैरे सगळं झालं, भारी होतं, त्याबद्दल लिहिणारे भरपूर आहेत. पण रविवारी सकाळी एका चौकात जुन्या गाड्यांचा छोटासा मेळावा होता, दहा-बारा गाड्या, बरीचशी जुनी फियाट मंडळी, आणि कडेला एक करड्या रंगाची जीटीई. लोक तिच्या पुढून चालत चालत एका लाल अल्फाकडे चालले होते. मी थांबलो. शेजारी एक आजोबा फडक्याने आरसा पुसत होते, वय पंचाहत्तर तरी असेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या टी-शर्टकडे बघितलं, आणि तेव्हा मला आठवलं की मी जीटीओचा टी-शर्ट घालून आलोय.

आजोबा हसले. मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाले, "ही ना, हिने माझ्या गाडीची बरीच भावंडं खाल्ली."

मी काय बोलणार. म्हटलं, "माहितीये."

बहुधा त्या "माहितीये" वरच काम झालं, कारण त्यांनी बॉनेट उघडलं. मी फोटोंमध्ये हजारदा बघितलंय पण समोर वेगळंच असतं. दोन काळी खरखरीत झाकणं, त्यावर फेरारी असं तिरक्या अक्षरात, मधल्या खोबणीत तीन कार्ब्युरेटर ओळीने, आणि बाहेरच्या बाजूला प्लगच्या वायरी, एकेका बाजूला सहा. आधीच्या इंजिनांत प्लग आतल्या बाजूला असायचे, कार्ब्युरेटरच्या खाली, बदलताना मेकॅनिकची बोटं भाजायची. आजोबांनी ते अभिनयासकट सांगितलं. मग डिपस्टिक काढून तेल बघितलं, मला पण दाखवलं, मी फेंडरवर ओणवा होऊन अगदी डॉक्टरच्या थाटात मान डोलावली.

मग म्हणाले, बस. मी पुढे जायला लागलो तर म्हणाले, नाही नाही, मागे. तीच तर सीट आहे या गाडीची.

बसलो. गुडघे हनुवटीला लागत होते आणि चामड्याचा, पेट्रोलचा आणि जुन्या गालिच्याचा मिळून एक वास होता. समोर लाकडी नार्दी स्टिअरिंगवर आजोबांचे हात. त्यांनी चावी फिरवली, पण गाडी चालू केली नाही, मागून कुठूनतरी पेट्रोल पंपाची टकटक सुरू झाली, ती मंदावेपर्यंत ते शांत बसून राहिले. दोन-तीनदा अ‍ॅक्सिलरेटर दाबला. मग स्टार्टर. पत्र्यावर वळवाचे पहिले टपोरे थेंब पडतात ना, एक इथे, एक तिथे, तसे आधी दोन-तीन सिलिंडर लागले, मग आणखी दोन, मग एकदम सर धरली. बाराच्या बारा. लाल अल्फाजवळची माणसं वळून बघायला लागली. मला मागच्या सीटवर उगाचच माझाच सत्कार चाललाय असं वाटलं.

चौकाला एक चक्कर मारली फक्त. मी वाट बघत होतो की आता सात हजार, आता सात हजार, पण आजोबांनी अडीच हजारावर गिअर टाकला, तेलाच्या काट्याकडे बोट दाखवलं आणि मान हलवली. तेल थंड आहे. दुसरा गिअर तर त्यांनी घेतलाच नाही, पहिल्यातून थेट तिसरा, म्हणे सकाळी सकाळी तो रुसलेला असतो, त्याला नंतर विचारायचं.

उतरताना विचारलं की ही घ्यावीशी का वाटली, तुमच्याकडे तेव्हा दुसरी घ्यायला पैसे असतील की. म्हणाले, मला दोन मुली होत्या.

त्या रात्री हॉटेलवर बघितलं तर टी-शर्टवर पोटाजवळ काळा डाग, फेंडरवर ओणवा झालो तेव्हा डिपस्टिकचं तेल लागलेलं. साबण, गरम पाणी, घरी आल्यावर दोन-तीन पावडरी, सगळं करून झालं. गेला नाही. बरोब्बर जीटीओच्या बॉनेटवर बसलाय.